दोन शिफारसपत्रं



१५७५ च्या सप्टेंबरात एक जायबंदी शिपाई नेपल्सहून गलबतात बसून मायदेशी, स्पेनला निघाला. नाव मिगेल द सर्व्हान्तेस. पुढे ‘डॉन क्विक्झोट’ लिहिणारा तोच हा. पण ते पुस्तक यायला अजून तीस वर्षं होती. त्या दिवशी त्याची सगळी मिळकत म्हणजे सामानातली दोन पत्रं.

ती त्याने कमावलेली होती. ७ ऑक्टोबर १५७१ ला ग्रीसच्या किनाऱ्याजवळ, लेपांतोच्या आरमारी लढाईत, चोवीस वर्षांचा हा पोरगा तापाने फणफणला होता. पडून राहा म्हटलं तरी ऐकलं नाही, वर येऊन लढला. छातीत दोन गोळ्या लागल्या आणि डावा हात कायमचा निकामी झाला. तसा हात घेऊनही तो पुढे मोहिमांवर गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

म्हणून आरमाराचा सेनापती, खुद्द राजाचा सावत्रभाऊ डॉन हुआन, आणि सेस्साचा ड्यूक या दोघांनी त्याला शिफारसपत्रं दिली: हा शूर आहे, राजाने याचं भलं करावं.

२६ सप्टेंबरला किनारा जवळ आला असताना अल्जीयर्सच्या चाच्यांनी गलबत पकडलं. पत्रं दाली मामी नावाच्या सरदाराच्या हाती पडली. एवढ्या मोठ्या माणसांच्या सह्या! त्याला वाटलं, कैदी बडा असामी आहे. खंडणी ठरली पाचशे सोन्याचे एस्कुदो. मिगेलबरोबर त्याचा भाऊ रॉड्रिगोही पकडला गेला होता. त्याची किंमत कमी, तो १५७७ मध्ये सुटला. मिगेल मागे राहिला. चार वेळा पळायचा प्रयत्न केला, चारही फसले.

घरी आईबहिणी पैशापैशाला महाग. मूळ पत्रं तर गेलेली. तेव्हा १५७८ मध्ये सेस्साच्या ड्यूकने नवा दाखला लिहून दिला: याने अशी सेवा केली, असा जखमी झाला, आणि तो पकडला गेला तेव्हा त्याची पत्रं हरवली. अखेर १९ सप्टेंबर १५८० ला, कॉन्स्टँटिनोपलला निघालेल्या जहाजावर चढवलं असताना, हुआन हिल या धर्मगुरूने त्याला सोडवलं. जमवलेली रक्कम अपुरी पडली, म्हणून उरलेली व्यापाऱ्यांकडून उसनी घेतली.

शत्रूने त्या पत्रांवर विश्वास ठेवला. ज्याच्यासाठी ती लिहिली होती, त्या दरबाराने मात्र त्यातल्या सेवेची कदर केली नाही. १५९० मध्ये सर्व्हान्तेसने आपली सगळी सेवा मांडून अर्ज केला. अमेरिकेतल्या वसाहतींत चार जागा रिकाम्या होत्या, त्यांतली एखादी मागितली. त्या अर्जावर शेरा पडला: याने इकडेच काहीतरी शोधावं.

त्या शेऱ्याखाली तारीख आहे ६ जून १५९०.