ॲप कुठलं घेऊ? आधी सांगा, मोटर कोण लावणार?

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. "आमची पाच-सहा जणांची टीम आहे, कामं व्हॉट्सॲपवर हरवतात, प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की आता टाळता येत नाही. हेडफोन लावून ऐकत असाल तर ठीक, बाबा पेट्रोल पंपाजवळच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत ऐकत असाल तर नंतर ऐका. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे बोललेलंच थोडं सावरून इथं टाकलंय.

नावं सांगायच्या आधी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला अजूनही बरं वाटत नाही.

आमचं ऑफिस म्हणजे सिडकोत कॅनॉटच्या मागं दोन खोल्या. सहा माणसं. वेबसाइट, छोटी ॲप, दुकानांची ऑनलाइन ऑर्डरची पानं, असली कामं आम्ही करतो. एक क्लायंट होता, कपड्याचं दुकान. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पावणेबाराला त्यांचा ग्रुपवर मेसेज आला: उद्या सकाळपासून ऑफरचे भाव लावा. खाली यादी. त्या मेसेजखाली सकाळपर्यंत काय जमा झालं असेल? दिव्यांचे फोटो, कुणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस, "शुभ दीपावली" पन्नास वेळा. भाव काही बदलले नाहीत. दिवसभर गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडत होतं की जाहिरातीत एक भाव आणि साइटवर दुसरा कसा.

मला फोन आला, आणि मी तो राग कुणावर काढला? सगळ्यात नव्या मुलीवर. तीन महिने झाले होते तिला लागून. दिवाळीला पैठणकडं गावी गेली होती, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला फोन करून मी बोललो. वेबसाइटचे भाव तीच बदलायची, म्हणून चूक तिची, असा माझा हिशोब. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही त्या मेसेजला अंगठा दिला होता. मला वाटलं, तुम्ही बघताय."

मी ग्रुप वर सरकवून बघितला. खरंच होता अंगठा. माझाच. रात्री अकरा बावन्नला.

दिवाळीनंतर ती पंधरा दिवस आली आणि तिनं राजीनामा दिला. कारण घरचं सांगितलं. क्लायंट तर गेलाच, त्याचं शेवटचं बिलही अडकलं. पण मला लागलं ते मुलीचं. काम कुणाचं, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, आणि जिथं लिहिलेलं नसतं तिथं दोष सगळ्यात धाकट्याच्या डोक्यावर जातो. तुमच्यातले बरेच जण आत्ता त्याच धाकट्याच्या खुर्चीत बसलेले असणार. म्हणून सॉफ्टवेअरचा विषय मला फक्त सोयीचा वाटत नाही.

बरं, मग मी काय केलं? जे सगळे करतात ते. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघितले आणि सगळ्यात मोठं, सगळ्यात जास्त बटणं असलेलं सॉफ्टवेअर घेतलं. नाव घेत नाही, चूक त्याची नव्हती. मी दोन रात्री जागून ते सजवलं. कामाच्या चौदा अवस्था केल्या. "रिव्ह्यूसाठी तयार" वेगळी, "रिव्ह्यू चालू" वेगळी. प्रत्येक कामाला रंग, टॅग, प्राधान्य, अंदाजे तास. तीन आठवड्यांनी बघितलं तर आत फक्त मीच. आमचा फोटो काढायला फिरणारा मुलगा म्हणाला, "दादा, फोनमध्ये जागाच नव्हती, काढून टाकलं ते." बत्तीस जीबीचा फोन, त्यात सगळे क्लायंटचे फोटो. त्याचं काय चुकलं?

मग वैतागून मी ते बंद केलं आणि भिंतीवर पांढरा बोर्ड लावला. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. प्रत्येक काम एका चिठ्ठीवर. एक महिना तेवढंच.

त्या काळात एकदा बाबा ऑफिसला आले. बाबा वाळूजला एका व्हेंडर कंपनीत स्टोअरला होते, आता रिटायर आहेत. बोर्डासमोर उभे राहिले, हसले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमचं कानबान झालं की. तुम्ही कॉम्प्युटरवाले आता शिकायलात होय?"

आता हा भाग जरा नीट ऐका. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा प्लांट सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. वाहनांच्या धंद्यात कानबान हा शब्द हेल्परलाही माहीत असतो. मूळ टोयोटाचं. ताइइची ओनो नावाच्या इंजिनिअरनं ते तिथं रुजवलं, आणि कल्पना उचलली अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून: गिऱ्हाइकानं फळीवरून जेवढं नेलं तेवढंच परत भरायचं. जपानीत कानबान म्हणजे पाटी. सुट्या भागांच्या डब्याबरोबर एक कार्ड असतं. त्यावर पार्ट नंबर, किती नग, कुठून कुठं. डबा संपला की कार्ड मागं जातं, ते कार्ड म्हणजेच ऑर्डर. बाबांनी त्यांच्याकडचा नियम सांगितला: कार्ड नाही तर माल नाही. मॅनेजर स्वतः येऊन उभा राहिला आणि तोंडी म्हणाला तरी नाही.

आता ट्रेलो उघडून बघा. रकाने आणि कार्डं. २०११ साली न्यूयॉर्कच्या फॉग क्रीक नावाच्या कंपनीनं ते आणलं, २०१७ मध्ये अटलासियननं साडेबेचाळीस कोटी डॉलरला विकत घेतलं. आपण ज्याला भारी ॲप म्हणतो, त्याची आजी वाळूजच्या स्टोअरमध्ये डब्याला लटकत होती. फक्त आपण कार्ड घेतलं आणि नियम तिथंच सोडून आलो. मॅनेजरला "नाही" म्हणणारा नियम. माझ्या चौदा अवस्थांमध्ये तो एकही नव्हता.

म्हणून बोर्डावर असतानाच आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. कार्ड नाही तर काम नाही, मी सांगितलं तरी नाही. आणि एका कार्डावर एकच नाव.

एकच नाव का, हे आपल्या शहरात समजावून सांगायची गरज नाही खरं तर. नळाला पाणी दिवसाआड नाही, कित्येक दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी मोटर कोण लावणार हे घरात ठरलेलं असतं. "आपण सगळे लक्ष ठेवू" असं म्हणणाऱ्या घराची टाकी कोरडी राहते. सगळ्यांना टॅग केलेलं काम तसंच.

थोडं गणितही आहे यात. तीन माणसांत बोलायच्या जोड्या तीन. सहा माणसांत पंधरा. दहा माणसांत पंचेचाळीस. म्हणून तिघं असताना सगळं तोंडी चालतं आणि चौथा-पाचवा आला की अचानक "मला कुणी सांगितलंच नाही" सुरू होतं. माणसं बिघडत नाहीत, जोड्या वाढतात.

आता येऊ तुमच्या मूळ प्रश्नाकडं. कुठलं घ्यायचं?

माझं मत विचाराल तर निवड टीममधल्या सगळ्यात हुशार माणसाच्या हातात देऊ नका. जुना फोन, कमी डेटा आणि अजिबात उत्साह नसलेला जो माणूस आहे, त्याच्या फोनवर आधी टाका. त्याला शेंद्र्याला जाताना मध्येच रेंज गेली तर काय होतं? फ्लाइट मोड लावून एक कार्ड सरकवून बघा, रेंज आल्यावर ते सरकलेलं दिसतं का. नवीन काम टाकायला किती वेळा बोट लावावं लागतं ते मोजा. व्हॉट्सॲपला तीन-चार वेळा लागतं, त्याच्या दुपटीपेक्षा जास्त असेल तर विसरा, माणूस व्हॉट्सॲपवरच जाणार. खोटा "टेस्ट प्रोजेक्ट" करू नका, त्यात सगळं छानच चालतं. एक खरं काम घ्या, ज्यात क्लायंट कटकट्या आहे, आणि दोन आठवडे फक्त तेच त्यात चालवा.

नावांबद्दल पटकन. तुमची टीम फक्त कोड लिहिणारी असेल, बग मोजायचे असतील, तर जिरा. ते २००२ पासून त्याच कामासाठी घडलंय. नावाची गंमत माहितीय का? गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, त्यातला "गो" काढला. पण लग्नाचे फोटो, बॅनर, रील्स करणाऱ्या टीमनं जिरा घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं. एकाचं काम संपल्याशिवाय दुसऱ्याचं सुरूच होत नाही, अशी लांब साखळी असेल तर आसना बघा. नोशन दिसायला देखणं आहे, पण तिथं प्रत्येक जण आपलं पान सजवत बसतो आणि काम राहतं, असा माझा अनुभव. झोहो प्रोजेक्ट्स आपल्याकडचं, चेन्नईच्या कंपनीचं. रुपयांत बिल आणि जीएसटीची पावती मिळते, हे सीएकडं कागद द्यायच्या वेळी फार सुखाचं वाटतं. आणि चार-पाच जण, दर महिन्याला तीच तीच कामं असतील तर गुगल शीट पुरतं. यात लाज नाही. काय, कोण, कधीपर्यंत, झालं का. चार रकाने.

आम्ही शेवटी ट्रेलोवर गेलो, कारण भिंतीवर तेच चालू होतं आणि कुणाला काही नवीन शिकावं लागलं नाही. फुकटच्या प्लॅनमध्ये सध्या एका वर्कस्पेसला दहा जणांची मर्यादा आहे. पण फुकटच्या अटी सगळेच बदलत असतात, घेताना त्या दिवशीचं पान वाचा.

पैशाचं बोलूच. "महिन्याला माणशी फक्त पाचशे" वाचून भुलू नका. समजा पाचशे. सहा माणसं, बारा महिने, छत्तीस हजार. वर १८ टक्के जीएसटी धरला की ४२,४८० रुपये. नव्या पोराचा दोन-तीन महिन्यांचा पगार होतो कधी कधी तेवढा. शिवाय माणशी दर वर्षाचे एकदम भरले तरचा असतो बहुतेक ठिकाणी. डॉलरमध्ये बिल असेल तर कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. आणि रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पेमेंटचे नियम कडक केलेत, त्यामुळं परदेशी कंपनीचं पेमेंट मध्येच अडकू शकतं. कार्ड ज्याचं आहे तो गावी, ओटीपी त्याच्या फोनवर, आणि इकडं बोर्ड बंद. हसू नका, होतं असं.

बाहेर पडायचा रस्ता पण आधीच बघून ठेवा. वंडरलिस्ट नावाचं फार गोड ॲप होतं, मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये घेतलं आणि मे २०२० मध्ये बंद केलं. ज्यांनी आपल्या याद्या वेळेत हलवल्या ते वाचले. आपला सगळा डेटा एका फाइलमध्ये बाहेर काढता येतो का, हे पहिल्याच आठवड्यात करून बघायचं.

अजून एक, हे कुठल्या इंग्रजी व्हिडिओत नाही सांगत. आपली टीम एकच शब्द तीन प्रकारे लिहिते. कुणी देवनागरीत "लोगो", कुणी तोच इंग्रजी अक्षरांत, कुणी त्यातही स्पेलिंग चुकवून. मग सर्चमध्ये अर्धी कार्डं सापडतच नाहीत. आम्ही ठरवलं: कार्डाचं नाव क्लायंटच्या नावानं सुरू, इंग्रजी अक्षरांत. आतलं वर्णन कसंही लिहा, मराठीत लिहा, व्हॉइस टायपिंग करा.

ॲपमध्ये कोण किती वेळ ऑनलाइन होता हे बघायची सोय असेल तर मालकांनो, ती बंद ठेवा. पहिल्याच आठवड्यात पोरांना कळतं की हे आपल्यावर नजर ठेवायला आणलंय. मग ती काम न करता कार्डं सरकवायला लागतात.

व्हॉट्सॲप आम्ही बंद केलेलं नाही. क्लायंट तिथंच येणार, त्याला ट्रेलो शिकवायला जाऊ नका. आमच्यात एवढंच ठरलंय की मेसेज जो आधी बघेल त्यानं कार्ड करायचं, त्यावर एक नाव टाकायचं आणि मग क्लायंटला "घेतलं, अमुक जण करतोय" असं लिहायचं. अंगठा द्यायला बंदी आहे. सगळ्यात जास्त वेळा हा नियम मीच मोडलाय. गेल्या महिन्यात मी फोनवर एक काम तोंडी सांगितलं, तर फोटोवाला पोरगा पलीकडून म्हणाला, "दादा, कार्ड?" गाडी जालना रोडला बाजूला घेतली आणि कार्ड केलं.

त्या मुलीला मी मध्यंतरी फोन केला. ती पुण्यात आहे आता, चांगल्या ठिकाणी. माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर, झालं ते." मग थोडं थांबून तिनं विचारलं, ग्रुप अजून तोच आहे का. म्हटलं, ग्रुप तोच आहे, पण काम त्यावर नसतं आता.

तुमच्या टीमचं काय चाललंय ते व्हॉइस नोटवर पाठवा, दोन मिनिटांच्या आत. पुढच्या भागात क्लायंटकडून ॲडव्हान्स कसा मागायचा यावर बोलू, त्यावरचे प्रश्न पण याच आठवड्यात येऊ द्या.