शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट

काही चित्रपटांचा शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो. तरीही आपण श्वास रोखून पाहत राहतो. फ्रेड झिनेमान यांचा १९७३चा 'द डे ऑफ द जॅकल' हा त्यातलाच. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना मारण्यासाठी नेमलेला भाडोत्री मारेकरी आणि त्याच्या मागावर असलेला साधासुधा पोलीस अधिकारी लबेल. द गॉल १९७० साली नैसर्गिक मृत्यूनं गेले, म्हणजे बेत फसणार हे उघडच. मग उत्सुकता उरते ती एवढीच, की माग लागतो कसा?

आमच्या सायवनला थिएटर नाही. हा चित्रपट मी छोट्या पडद्यावरच पाहिला आणि मला आठवला आपला मराठी '२२ जून १८९७'. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ साली तो केला. इथं तर नावातच तारीख!

पुण्यात प्लेगची साथ होती. घराघरांत शिरून झडती घेणाऱ्या सोजिरांमुळे लोक संतापले होते. राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली. बाळकृष्णाच्या गोळीनं मागच्या गाडीतला लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला गेला.

लबेलच्या हाती पासपोर्ट आणि दप्तरं होती. पुण्यात कामी आलं ते वीस हजारांचं इनाम. द्रविड बंधूंनी खबर दिली, दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फासावर गेले. फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव चापेकर आणि महादेव रानडे यांनी दोघा द्रविडांना गोळ्या घातल्या. मे महिन्यात ते दोघे आणि बाळकृष्ण असे तिघेही फाशी गेले. एका घरातले तीन सख्खे भाऊ!

जॅकलचा मारेकरी पैशासाठी मारतो. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत कळत नाही. इकडे मारणाऱ्यांनी पैसे घेतले नव्हते. पैशाची गोष्ट होती ती खबर देणाऱ्यांकडे. आणि तेही भाऊच, त्याच पुण्यातले.

म्हणून मला आपला चित्रपट अधिक अस्वस्थ करतो. बंदूक चालवणं फार थोड्यांच्या वाट्याला येतं. पण दारात इनाम घेऊन सरकार उभं राहिलं, तर आपण काय सांगू? हा प्रश्न तुमच्या-माझ्यासारख्यांचा आहे.