दामदुपट : धर्माज्ञा आणि कर्जखत



जबलपूर हे १९५६ पासून उच्च न्यायालयाचे नगर. श्रोत्यांत वकीलमंडळी असणारच. तेव्हा कायद्याविषयी मी जरा जपूनच बोलेन.

व्याज हे पाप की व्यवहार, या प्रश्नाचा निकाल मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडितांनी कठोरपणे लावला. ११७९ च्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखाऊंना ख्रिस्ती दफनही नाकारले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने युक्तिवाद केला तो असा : मद्य वापरणे म्हणजेच ते संपविणे, त्याची किंमत घेऊन वर वापराचे भाडे मागणारा एकच वस्तू दोनदा विकतो. पैशाचेही तसेच. मात्र परतफेडीच्या विलंबाने धनकोचे होणारे नुकसान भरून घेण्यास मुभा होती आणि याच फटीतून व्याज पुन्हा आत शिरले. ‘इंटरेस्ट’ हा शब्द त्या भरपाईच्याच लॅटिन नावावरून आला.

आपल्या स्मृतिकारांनी व्याजाला बंदी न करता कुंपण घातले. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये, हीच दामदुपट. (मनुस्मृतीत दरमहा शेकडा दोन ते पाच असा वर्णानुसार चढता दर आहे आणि सर्वांत कमी तो ब्राह्मणाला, ही न्यायबुद्धी भूषण म्हणून मिरविण्याजोगी नव्हे.) १८५५ साली इंग्रज सरकारने व्याजदरावरील निर्बंध उठविले, तरी हिंदू ऋणकोपुरती दामदुपट कायम असल्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १८६३ मध्ये दिला.

मग १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खते का जाळली? थकलेले व्याज मुद्दलात मिळवून सावकार नवे खत लिहून घेई आणि नव्या खताला नवी दामदुपट लागे. शंभराचे दोनशे होण्याआधीच दीडशे हे मुद्दल ठरे, मर्यादा तीनशेवर जाई. निरक्षर कूळ मुकाट्याने निशाणी करी. विलक्षण गोष्ट ही, की ही पळवाट मनुस्मृतीतच आहे : ज्याला व्याजही देववत नाही, त्याने ते नव्या खतात घालावे!

१८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मुळापासून हिशेब तपासण्याचा आणि मुद्दल व व्याज निराळे काढण्याचा अधिकार दिला. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने व्याजावरील हीच मर्यादा सावकारी कर्जांना घातली, आणि तीही ऋणकोचा धर्म न विचारता.