बाळंतविड्यातील पहिली वस्तू
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या प्रसंगी बोलण्याविषयी मला विचारले, तेव्हा मी मुलांच्या अभ्यासाविषयी अथवा शिष्यवृत्त्यांविषयी चार शब्द सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. ज्याचा सारा जन्म प्राथमिक शाळेत खडू-फळ्याच्या संगतीत गेला, त्याजकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? परंतु मी विषय निवडला तो जोखमीच्या गर्भारपणाचा. "गुरुजी, हा विषय बायकांचा, आपण त्यात कशाला पडता?" असे एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला विचारलेही. माझे उत्तर एवढेच की, गाडी केव्हा बोलवावयाची, पैसा केव्हा काढावयाचा आणि इस्पितळाची पायरी केव्हा चढावयाची, हे आपल्या घरांतून आजही बहुधा पुरुष आणि वडील मंडळीच ठरवितात. ज्यांच्या हाती निर्णय आहे, त्यांच्या कानी हा विषय गेलाच पाहिजे. मी डॉक्टर नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक झालेला एक शिक्षक आहे. म्हणून जे सांगणार आहे ते एका भावाच्या आणि एका सासऱ्याच्या नात्याने सांगणार आहे.

१९६९ सालच्या श्रावणातील गोष्ट. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणत असू, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी कोकणात आली होती. तिचे वय अवघे एकोणीस. आईने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती, आजीने डिंक, खारीक, अळीव डब्यांत भरून ठेवले होते आणि वडिलांनी माळ्यावरचा पाळणा खाली काढून त्याला नवी दोरी लावली होती. बाळाच्या स्वागताची तयारी म्हणून जे जे करावयाचे, ते सारे झाले होते. अक्काच्या पायांवर सूज होती, चेहराही भरल्यासारखा दिसे. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणत, "माहेरचे पाणी मानवले हो हिला!" आठव्या महिन्याच्या अखेरीस तिचे डोके दुखू लागले. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असे ती दोन दिवस सांगत होती. आजीने सुंठ उगाळून कपाळावर लेप दिला. तिसऱ्या दिवशी पहाटे तिला झटके आले. कोणी म्हणाले फेफरे आहे, कोणी म्हणाले बाहेरची बाधा आहे. अंगाऱ्यासाठी माणूस धावला आणि तो परत येईपर्यंत चांगलेच उजाडले. मग डोली बांधली. पण नदीला पूर आलेला, पलीकडे जाण्याची सोय नाही. दुपारी अक्का गेली. तिच्या पोटातील बाळही तिच्याबरोबर गेले. पाळणा पुन्हा माळ्यावर चढला.

माझ्या आईने पुढे हा विषय कधी काढला नाही. "तिच्या नशिबात नव्हते," एवढे एकच वाक्य घरात शिल्लक राहिले, आणि तेच खरे धरून मीही चाललो. त्या दुखण्याला नाव आहे, त्याची पूर्वसूचना मिळते आणि त्यावर इलाज आहे, हे मला कळावयास त्रेपन्न वर्षे लागली.

सन २०२२ मध्ये आमच्या सूनबाईंना दिवस गेले. त्यांच्या मातोश्री पूर्वीच वारलेल्या असल्यामुळे पहिले बाळंतपण आमच्याच घरी करावयाचे ठरले. सातव्या महिन्यात रविवारचा दिवस पाहून डोहाळजेवण योजिले. पन्नास पानांची तयारी झाली, फुलांच्या वाडीचे सांगून झाले. शुक्रवारी नेहमीच्या तपासणीसाठी आम्ही उभयता सूनबाईंना घेऊन उपकेंद्रात गेलो. आरोग्यसेविकेने रक्तदाब मोजला, थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला. दोन्ही वेळा तो १५० वर १०० भरला. लघवी तपासली, तीत प्रथिने आढळली. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "गुरुजी, यांना घरी नेऊ नका. येथूनच थेट जिल्ह्याच्या ठिकाणी न्या."

आता मी काय बोललो ते सांगावयास मला लाज वाटते, तथापि सांगितलेच पाहिजे. मी म्हणालो, "ताई, परवा डोहाळजेवण आहे. सोमवारी पहिल्या गाडीने नेतो. आणि पायांवर सूज या दिवसांत कोणाला येत नाही?"

आमच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले आणि हलकेच म्हणाल्या, "अहो, वन्संच्या पायांवरही सूजच होती ना? तुम्हीच मला सांगितले होते."

मी जागच्या जागी गप्प झालो. तेव्हा सूनबाई खालच्या मानेने म्हणाल्या, "अण्णा, कालपासून डोके दुखते आहे. आपण एवढ्या हौसेने समारंभ मांडलात, तो मोडेल म्हणून बोलले नाही."

श्रोतेहो, हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. त्या मुलीला आपल्या जिवापेक्षा आमच्या पन्नास पानांची काळजी अधिक वाटावी, असे वातावरण त्या घरात कोणी निर्माण केले? मीच केले. आम्ही १०८ क्रमांकावर दूरध्वनी केला, गाडी आली आणि सायंकाळपूर्वी सूनबाई इस्पितळात दाखल झाल्या. समारंभ रहित झाल्याचा निरोप मी स्वतः घरोघर दिला.

तेथील डॉक्टरीणबाईंनी आम्हांस समोर बसवून जे समजावून सांगितले, त्याचा सारांश असा. गर्भारपणाचे वीस आठवडे उलटल्यावर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक झाला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर तो या विकाराचा इशारा समजावा. त्यास इंग्रजीत प्रिएक्लाम्प्सिया म्हणतात. विकाराचे मूळ वारेत असते. वारेला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या पहिल्या महिन्यांत जेवढ्या रुंदावयास हव्यात तेवढ्या रुंदावत नाहीत. त्यामुळे बाळाची वाढ खुंटते आणि आईचा रक्तदाब चढतो. तिची मूत्रपिंडे, यकृत आणि मेंदू यांस इजा पोहोचू शकते. पुढची पायरी म्हणजे झटके. अक्काला जे झाले ते हेच असले पाहिजे. वार बाहेर पडणे, म्हणजेच प्रसूती होणे, हाच यावरील खरा उपाय. परंतु प्रसूती फार लवकर केली तर बाळ कच्चे राहते आणि लांबविली तर आईचा जीव धोक्यात येतो. या दोहोंचा तोल डॉक्टरांस रोज सांभाळावा लागतो.

यावर विज्ञानाने दिलेली साधने मात्र बिनभरवशाची नव्हेत. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट नावाचे स्वस्त औषध टोचतात. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर त्याची कसोशीने परीक्षा झाली, आणि त्यामुळे झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो असे २००२ मध्ये सिद्ध झाले. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला जी इंजेक्शने देतात, त्यांचा उपयोग १९७२ मध्ये न्यूझीलंडमधील दोन डॉक्टरांनी दाखवून दिला. १९६९ साली आमच्या गावात यांपैकी काहीही पोहोचणे शक्य नव्हते. आज हे सारे जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. उणीव राहते ती वेळेवर पोहोचण्याची.

सूनबाई तीन आठवडे इस्पितळात होत्या. दाखल झाल्या तेव्हा तिसावा आठवडा चालू होता. पहिल्या काही दिवसांत त्यांनी मला निक्षून सांगितले, "अण्णा, दुपटी, झबली काही शिवावयास सांगू नका. आधी बाळ तर येऊ द्या." मला माळ्यावरचा पाळणा आठवला आणि मी काही बोललो नाही. शिक्षकाला दुसरे काय येणार? मी एक वही घेतली, हजेरीपत्रकाप्रमाणे रकाने आखले आणि त्यांत रोजचा रक्तदाब, गोळ्यांच्या वेळा आणि बाळाच्या हालचाली लिहू लागलो. हालचाली सूनबाई स्वतः मोजीत. "आज एक दिवस पदरात पडला," असे म्हणून आम्ही रात्री रकान्यावर खूण करीत असू. बत्तिसावा आठवडा लागला त्या दिवशी त्या आपण होऊन म्हणाल्या, "सासूबाईंना एक झबले शिवावयास सांगा. लहान मापाचे." त्या दिवशी आमच्या मंडळींनी प्रथमच सुईत दोरा ओवला.

तेहेतिसाव्या आठवड्यात रक्तदाब आवरेना, तेव्हा शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागली. मुलगी झाली, वजन १ किलो ६०० ग्रॅम. शिवलेले झबलेही तिला मोठे झाले. बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देण्याची रीत डॉक्टरांनी शिकविली. कोलंबिया देशातील बोगोटा शहरी १९७०च्या दशकाच्या अखेरीस या रीतीचा प्रारंभ झाला. आई अशक्त असल्यामुळे चिरंजीव तासन् तास लेकीला छातीशी धरून बसत. आमच्या पिढीत बापाने मूल चारचौघांत उचलणे हेही संकोचाचे होते. पण त्या दृश्याने माझा संकोच पार फिटला.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. मातांचे प्राण तीन प्रकारच्या विलंबांमुळे जातात, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. पहिला विलंब निर्णयाचा, दुसरा वाहतुकीचा आणि तिसरा उपचार सुरू होण्याचा. अक्काच्या बाबतीत पहिले दोन्ही झाले. आज रस्ते आहेत, पूल आहेत. राज्यात १०८ची गाडी २०१४ पासून धावते आहे. सरकारी इस्पितळांत प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे व रक्त विनामूल्य देण्याची योजना २०११ पासून आहे, आणि दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींच्या खास तपासणीचे अभियान २०१६ मध्ये सुरू झाले. त्याचे फळही दिसते. २०१८-२० या काळात दर एक लक्ष जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. परंतु पहिला विलंब, म्हणजे निर्णयाचा, कोणतेही सरकार दूर करू शकत नाही. तो घराच्या ओटीवर बसलेल्या माणसाच्या मनात असतो. मी त्याचा साक्षीदार आहे आणि अपराधीही.

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या घराघरांत आदराने घेतले जाते. त्या अवघ्या चौदा वर्षांच्या असताना त्यांचे बाळ जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेले. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला आणि १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत पदवी मिळविली. आपण एवढे थोर होऊ शकत नाही. परंतु झालेल्या दुःखाला नुसते नशीब म्हणून झाकून ठेवू नये, एवढा धडा तरी आपणांस घेता येईल.

म्हणून माझी विनंती अशी की, बाळंतविडा भरताना झबली-टोपडी, कुंची आणि दुपटी यांच्या आधी काही वस्तू ठेवाव्यात. पहिली वस्तू म्हणजे प्रत्येक तपासणीतील रक्तदाबाची नोंद. तिच्यासोबत तपासणीचे सर्व कागद, रक्तगट जुळणाऱ्या दोन माणसांची नावे, हाताशी ठेवलेली रक्कम आणि गाडीचा क्रमांक असावा. अन् धोक्याच्या खुणा घरातील प्रत्येकास पाठ असाव्यात: न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, तोंडावर व हातांवर एकाएकी आलेली सूज, छातीखाली पोटात उठणारी कळ, अंगावरून रक्त जाणे, बाळाची हालचाल मंदावणे. यांपैकी एकही खूण दिसली तर मुहूर्त, पाहुणे आणि पंगत बाजूला ठेवून निघावे. बाळंत झाल्यावरही निर्धास्त होऊ नये. हा विकार प्रसूतीनंतरच्या दिवसांतही उचल खातो. पहिलटकरीण, पस्तिशी ओलांडलेली, जुळी असलेली, पूर्वीपासून रक्तदाब वा मधुमेह असलेली अथवा रक्त फार कमी असलेली स्त्री यांची काळजी विशेष घ्यावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, "मला बरे वाटत नाही" हे शब्द सुनेला अगर लेकीला न भिता बोलता आले पाहिजेत.

डोहाळजेवण वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती आपली गोड रीत आहे. पण ती पुढे ढकलता येते. आमच्या घरी बारसे अडीच महिन्यांनी झाले आणि डोहाळजेवणाची राहिलेली पन्नास पाने त्याच दिवशी उठली. माळ्यावरचा तोच पाळणा मी खाली काढला आणि त्याला नवी दोरी लावली. मुलीचे नाव पत्रिकेप्रमाणे निराळे आहे. घरात मात्र आम्ही तिला अक्का म्हणतो.