खुर्ची, सही आणि माणसं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. 'तिकडचं काहीतरी सांग, पण बर्फ आणि मॉल नको,' अशी ताकीदही दिली आहे. म्हणून मी गेली कित्येक वर्षं ज्या राज्यात राहते, त्या इलिनॉयच्या गव्हर्नरांविषयी बोलणार आहे. विषय ऐकल्याबरोबर मागची रांग हसली, ते मला इथून दिसलं. नागरिकशास्त्राचा तास पुन्हा सुरू झाला असं तुम्हाला वाटत असेल. आपल्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, तेव्हा मी जरा जपूनच बोलते.

आधी शब्दाचं पाहू. गव्हर्नर म्हणजे राज्यपाल, असं आपण शिकलो. आपल्याकडे ते बरोबरही आहे. पण आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि कारभार मुख्यमंत्री चालवतात. अमेरिकेतल्या राज्याचा गव्हर्नर लोक थेट मतदानाने निवडतात. आमच्याकडे ही निवड चार वर्षांसाठी असते आणि पुन्हा कितीदा उभं राहायचं याला मर्यादा नाही. तो विधिमंडळाचा सदस्य नसतो, त्यामुळे बहुमत गेलं म्हणून त्याचं सरकार पडत नाही. गव्हर्नर एका पक्षाचा आणि विधिमंडळ दुसऱ्या पक्षाचं, हे तिकडे नेहमीचंच. दोघांचं पटलं नाही तर काय होतं, ते आम्ही २०१५ ते २०१७ या काळात पाहिलं. ब्रूस राऊनर गव्हर्नर होते. दोन वर्षं राज्याला पूर्ण अंदाजपत्रकच मिळालं नाही. विद्यापीठं आणि सेवाभावी संस्था पैशांसाठी ताटकळल्या. शेवटी विधिमंडळाने त्यांचा नकार ओलांडून अंदाजपत्रक मंजूर केलं.

गव्हर्नरची खरी ताकद त्याच्या सहीत असते. मंजूर झालेलं विधेयक त्याच्याकडे आलं की त्याला साठ दिवस असतात. तो सही करतो किंवा व्हेटो वापरून परत पाठवतो. खर्चाच्या विधेयकातला एखादाच आकडा तो खोडू शकतो किंवा कमीही करू शकतो. व्हेटो मोडायचा असेल तर दोन्ही सभागृहांत तीन पंचमांश मतं लागतात.

या व्हेटोची एक गंमत सांगते. १९४९ साली अॅडलाय स्टीव्हन्सन गव्हर्नर होते. हेच पुढे दोनदा राष्ट्राध्यक्षपदासाठी आयसेनहॉवर यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि दोन्ही वेळा हरले. त्यांच्यासमोर मांजरांना आवर घालण्याचं विधेयक आलं. मांजरं पक्षी मारतात, म्हणून त्यांना मालकाच्या आवाराबाहेर मोकळं सोडू नये, असा त्याचा आशय होता. स्टीव्हन्सन यांनी ते परत पाठवलं. एकट्याने थोडं भटकणं हा मांजराचा स्वभावच आहे, असं त्यांनी लिहिलं. आज मांजर आणि पक्षी यांचं भांडण कायद्याने सोडवलं, तर उद्या कुत्रा आणि मांजर, आणि परवा पक्षी आणि किडा यांच्यातही सरकारला पडावं लागेल, असा त्यांचा मुद्दा होता. राज्याला एवढी कामं आहेत, त्यात मांजरांची वळणं कशाला सुधारायची?

पण सगळ्या सह्या इतक्या हलक्या नसतात. गव्हर्नरकडे दुसरा एक अधिकार आहे, माफीचा. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाला माफी देणं, त्याची शिक्षा कमी करणं, फाशी थांबवणं. आपल्या राज्यपालांनाही घटनेच्या कलम १६१ ने असा अधिकार दिला आहे. नानावटी खटला सगळ्यांना माहीत आहे. त्यात १९६४ साली माफी दिली ती महाराष्ट्राच्या तेव्हाच्या राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी. मात्र आपल्याकडे राज्यपाल हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरतात. इलिनॉयमध्ये एक मंडळ अर्ज तपासतं आणि शिफारस करतं, पण शेवटचा निर्णय एकट्या माणसाचा असतो. त्याची जबाबदारीही त्याच्या एकट्याचीच.

आता तीन माणसांविषयी सांगते.

पहिले एडवर्ड कोल्स, राज्याचे दुसरे गव्हर्नर. इलिनॉय १८१८ साली राज्य झालं आणि कोल्स १८२२ साली निवडून आले. ते मूळचे व्हर्जिनियाचे. वडिलांकडून वारसा म्हणून त्यांना जमीन मिळाली आणि गुलामही मिळाले. १८१९ साली ते या लोकांना घेऊन इलिनॉयकडे निघाले. ओहायो नदीतून जाताना, होडीतच, त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तुम्ही आता स्वतंत्र आहात. पुढे इलिनॉयमध्ये त्या कुटुंबांना जमिनीही दिल्या. हे गव्हर्नर होण्यापूर्वीचं. गव्हर्नर झाल्यावर खरी लढाई सुरू झाली. राज्यात गुलामगिरी उघडपणे कायदेशीर करण्यासाठी राज्यघटना बदलावी, असा घाट विधिमंडळातल्या मोठ्या गटाने घातला. त्यासाठी आधी जनमत घ्यावं लागणार होतं. कोल्स यांनी स्वतःचा पगार या विरोधासाठी खर्च केला. ऑगस्ट १८२४ मध्ये मतदान झालं. बदलाच्या बाजूने ४,९७२ आणि विरोधात ६,६४० मतं पडली. फरक १,६६८ मतांचा. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीतसुद्धा कधी कधी एवढा फरक असतो! पुढे कोल्स काँग्रेसची निवडणूक हरले आणि राज्य सोडून फिलाडेल्फियाला जाऊन राहिले.

दुसरे जॉन पीटर आल्टगेल्ड. १ मे म्हटलं की आपल्याला झेंडावंदन आणि वार्षिक निकाल आठवतो. महाराष्ट्र दिनाबरोबर तो कामगार दिनही असतो. त्या कामगार दिनाचं मूळ शिकागोत आहे. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या कामासाठी संप सुरू झाला. ४ मे रोजी हेमार्केट चौकातल्या सभेच्या शेवटी पोलिसांवर बॉम्ब पडला. त्यात आणि नंतरच्या गोळीबारात पोलीसही गेले आणि सामान्य माणसंही गेली. बॉम्ब कोणी टाकला ते आजही ठरलेलं नाही. पण आठ अराजकवादी कार्यकर्त्यांवर खटला चालला. सात जणांना फाशीची आणि एकाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हाचे गव्हर्नर रिचर्ड ओग्लस्बी यांनी दयेचा अर्ज करणाऱ्या दोघांची फाशी जन्मठेपेत बदलली. एकाने कोठडीत जीव दिला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी झाली.

मागे राहिलेले तिघे तुरुंगात होते, तेव्हा १८९३ साली आल्टगेल्ड गव्हर्नर झाले. जन्म जर्मनीतला, अगदी तान्हे असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेले. परदेशात जन्मलेले ते इलिनॉयचे पहिले गव्हर्नर. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांना ही गोष्ट उगाचच जवळची वाटते. फाशी गेलेल्यांच्या स्मारकाचं अनावरण शिकागोजवळच्या दफनभूमीत २५ जून १८९३ रोजी झालं. दुसऱ्याच दिवशी आल्टगेल्ड यांनी तिघांनाही माफी दिली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये त्याच शहरात विवेकानंदांचं भाषण झालं. ते आपल्याला पाठ्यपुस्तकात भेटलं, हे भेटलं नाही.

माफी देताना त्यांना सोपी वाट होती. 'यांनी पुरेशी शिक्षा भोगली आहे, आता दया दाखवू,' एवढं लिहिलं असतं तर फारसा गदारोळ झाला नसता. दयेचे अर्ज करणाऱ्या अनेक प्रतिष्ठित लोकांचंही तेच म्हणणं होतं. आल्टगेल्ड यांनी ती वाट घेतली नाही. माणसं दोषी असतील तर मी मध्ये पडणार नाही, असं म्हणून त्यांनी खटल्याचे कागदच तपासले. ज्यूरी निवडतानाच पक्षपात झाला, न्यायाधीशांचं मन आधीच ठरलेलं होतं, आणि बॉम्ब टाकणाऱ्याशी या माणसांचा संबंध पुराव्याने जोडलेला नाही, असं त्यांनी लिहून काढलं. म्हणजे दया करून मोठेपणा घेण्याऐवजी राज्यानेच अन्याय केला, असं राज्याच्या प्रमुखाने सांगितलं. वर्तमानपत्रं त्यांच्यावर तुटून पडली. त्यांना अराजकवादी ठरवलं, त्यांचा परदेशी जन्म काढला. १८९६ ची निवडणूक ते हरले. जमीन-इमारतींमध्ये कमावलेली संपत्तीही गेली. १९०२ साली ते वारले.

तिसरे गृहस्थ समजायला सगळ्यात अवघड आहेत. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आमच्या राज्याचं एक दुखणं सांगते. १९६० नंतर गव्हर्नर झालेल्यांपैकी चौघे जण तुरुंगात जाऊन आले. ऑटो कर्नर लाच घेतल्याबद्दल. डॅन वॉकर पद सोडल्यानंतरच्या आर्थिक व्यवहारांतल्या फसवणुकीबद्दल. रॉड ब्लॅगोयेविच यांनी तर कमालच केली. ओबामा राष्ट्राध्यक्षपदी निवडून आल्यावर त्यांची सेनेटची जागा रिकामी झाली. ती भरण्याचा अधिकार गव्हर्नरचा. ब्लॅगोयेविच त्या नेमणुकीचा सौदा करू पाहत होते आणि त्यांचे फोन सरकारी तपासयंत्रणा ऐकत होती. डिसेंबर २००८ मध्ये त्यांना अटक झाली आणि जानेवारी २००९ मध्ये राज्याच्या सेनेटने ५९ विरुद्ध ० मतांनी त्यांना पदावरून काढलं. चौदा वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती कमी झाली, तीही राष्ट्राध्यक्षांच्या माफीच्या अधिकारामुळेच!

चौथे जॉर्ज रायन. मी म्हटलं ते तिसरे गृहस्थ हेच. कँकाकी गावातले औषधविक्रेते. आमदार असताना १९७७ साली त्यांनी फाशीची शिक्षा पुन्हा आणण्याच्या बाजूने मत दिलं होतं. १९९९ साली ते गव्हर्नर झाले. जानेवारी २००० पर्यंत त्या कायद्याखाली राज्यात बारा जणांना फाशी झाली होती आणि तेरा जण निर्दोष ठरून फाशीच्या कोठडीतून बाहेर आले होते. त्यातल्या एकाची फाशी अवघ्या दोन दिवसांवर आली होती. बारा आणि तेरा. त्याच महिन्यात रायन यांनी फाशीच थांबवली. पद सोडायला दोन दिवस राहिले असताना, ११ जानेवारी २००३ रोजी, त्यांनी १६० हून अधिक कैद्यांची फाशी रद्द केली. बहुतेकांना कधीही न सुटणारी जन्मठेप दिली. आदल्या दिवशी चौघांना पूर्ण माफी दिली होती.

ज्यांची माणसं मारली गेली होती, त्या कुटुंबांना हा विश्वासघात वाटला. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. प्रत्येक प्रकरण वेगळं असताना सरसकट निर्णय का, हा त्यांचा प्रश्नही चुकीचा नव्हता. व्यवस्थाच सदोष असेल तर कोण खरा दोषी हे मी एकटा कसं निवडणार, असं रायन यांचं म्हणणं होतं.

आणि याच रायन यांना २००६ साली भ्रष्टाचारासाठी दोषी ठरवण्यात आलं. साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नर होण्यापूर्वी ते ज्या खात्याचे प्रमुख होते, ते आपल्या आरटीओसारखं वाहनपरवाने देतं. तिथे ट्रकचालकांना पैसे घेऊन परवाने दिले जात होते आणि त्यातला काही पैसा त्यांच्या निवडणूक निधीत पोचत होता. १९९४ साली शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात एका ट्रकचा भाग निखळून रस्त्यावर पडला, मागच्या गाडीने पेट घेतला आणि एकाच घरातली सहा मुलं गेली. त्या ट्रकच्या चालकाने परवाना लाच देऊन मिळवला होता.

एकीकडे १६० जीव आणि दुसरीकडे ती सहा मुलं. मला अनेकजण विचारतात, मग रायन चांगले की वाईट? काहींच्या मते, खटला डोक्यावर होता म्हणून त्यांनी माफीचं पुण्य गोळा केलं. तसंही असेल. माझं मत एवढंच आहे की या दोन गोष्टींची वजाबाकी करता येत नाही. फाशीच्या सहीने ती मुलं परत येत नाहीत, आणि परवान्यांच्या पैशाने बारा-तेराचा हिशेब खोटा ठरत नाही. दोन्ही खात्यांवर त्यांचंच नाव राहणार.

या गोष्टीला एक पुढचा भाग आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०११ साली विधिमंडळाने फाशी रद्द करण्याचं विधेयक मंजूर केलं. गव्हर्नर पॅट क्विन यांनी ते जवळजवळ दोन महिने जवळ ठेवलं. दोन्ही बाजूंच्या लोकांचं ऐकलं, त्यांत पीडितांची कुटुंबंही होती. ९ मार्चला त्यांनी सही केली आणि उरलेल्या पंधरा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. एका माणसाच्या मर्जीवर जे चाललं होतं, त्याचा कायदा झाला. चांगल्या राज्याचं काम असंच असावं. प्रत्येक खुर्चीत आल्टगेल्ड बसेल अशी आशा धरून कुठलंच राज्य चालत नाही. पण कायदा तिथवर पोचेपर्यंत कोणाला तरी सही करावी लागते आणि तिची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

आपल्यातले बरेच जण आता निवृत्तीला आले आहेत, काही झालेही आहेत. कोणी मुख्याध्यापक, कोणी तलाठी, कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात, कोणी पालिकेत. आपली खुर्ची लहान असेल, पण सहीचा अधिकार प्रत्येकाकडे थोडा का होईना होता. एखाद्याचं कर्ज, एखाद्या पोराचा दाखला, एखाद्या विधवेचं पेन्शन, एखादा परवाना. त्या परवान्याच्या खिडकीतून गोष्ट कुठपर्यंत जाते ते मी आत्ता सांगितलं. आपल्या सह्यांची नोंद इतिहासात होणार नाही. ज्यांच्या कागदावर ती झाली किंवा झाली नाही, त्यांना मात्र ती आठवत असते. ज्यांची खुर्ची अजून शाबूत आहे, त्यांच्यापुढे सोमवारी पुन्हा कागद येणार आहेत. त्यांनी तेवढं लक्षात ठेवावं.

वीस मिनिटं संपली आणि बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आहे.  आता चहा घेऊ या.