न दुखणाऱ्या दुखण्याची गोळी



आज रक्तदाबाच्या औषधाविषयी थोडे बोलावयाचे आहे. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण चांगले औषध हाताशी असूनही ते रोग्याच्या पोटापर्यंत पोहोचावयास वर्षेच्या वर्षे का लागतात, हा प्रश्न इतिहासाचाही आहे. आणि आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या गावोगावच्या ओट्यांवर तो आजही बसलेला आहे.

कोणत्याही आबांना विचारून पाहा. ते म्हणतील, "माले काहीच व्हत नही, मंग गोयी कसाले खाऊ?" प्रश्न अगदी रास्त आहे. ताप आला तर अंग सांगते, दाढ दुखली तर झोप उडते. रक्तदाब वाढला तर बहुधा काहीच होत नाही. माणूस जेवतो, शेतात जातो, बाजार करतो. आणि एके दिवशी तोंड वाकडे होते, हातातला तांब्या गळून पडतो. मग धावाधाव.

ठिबक सिंचन आपल्याला नवे नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यांत नळ्यांचे जाळे पसरलेले असते. पंपाचा दाब प्रमाणाबाहेर गेला की नळी लगेच फुटत नाही. आज एक जोड सैल होतो, उद्या दुसरा, आणि एक दिवस पाणी भलतीकडेच धावू लागते. आपल्या अंगातल्या नळ्यांचेही तसेच. मेंदूतली फुटली किंवा तुंबली तर लकवा, हृदयातली तुंबली तर झटका. मूत्रपिंडेही याच दाबाखाली हळूहळू झिजतात. फरक एवढाच की ठिबकची नळी बदलता येते.

हा दाब औषधाने उतरवता येतो, ही गोष्ट फार जुनी नाही. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्या दिवशी त्यांचा वरचा दाब तीनशेच्या घरात होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला त्याचे डॉक्टर काय देऊ शकत होते? मीठ कमी करा, विश्रांती घ्या आणि दोन-चार जुनी औषधे. शिवाय वाढलेला दाब ही शरीराची गरजच आहे, तो उतरवला तर उलट धोका, असे मानणारे नामांकित डॉक्टर त्या काळी थोडे नव्हते.

आणि नेमके याच दुखण्यावरचे एक औषध आपल्या देशातल्या रानात उगवत होते. ते म्हणजे सर्पगंधा. बिहारकडे तिच्या मुळीला वेडावरचे औषध म्हणूनच ओळखत. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी रक्तदाबावरही चालते असे लिहून ठेवले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दिकी या रसायनशास्त्रज्ञाने तिच्यातली द्रव्ये वेगळी काढली. म्हणजे औषध सापडले, छापूनही आले. पण जग हलले नाही.

ते हलवले मुंबईच्या एका डॉक्टरांनी. के. ई. एम. रुग्णालयातले हृदयविकारतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी काही वर्षे ही मुळी रोग्यांना देऊन पाहिली आणि प्रत्येकाचा दाब नोंदवत गेले. 1949 साली ब्रिटिशांच्या हृदयविकारविषयक नियतकालिकात त्यांनी पन्नास रोग्यांचा हिशेब मांडला. आधी किती, नंतर किती, किती आठवड्यांत उतरला. तो वाचून बोस्टनच्या विल्किन्स या डॉक्टरांनी आपल्या रोग्यांवर ती मुळी वापरली. 1952 साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले मुख्य द्रव्य, रेसरपिन, शुद्ध स्वरूपात वेगळे झाले आणि गोळ्या जगभर गेल्या. वकिलांना 1957 साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

मला या कथेत मुळीपेक्षा वहीचे मोल अधिक वाटते. मुळी तर शतकानुशतके रानात होतीच. डॉक्टर मंडळी नुसत्या ख्यातीने वळत नाहीत, आणि वळू नयेच. ती आकड्यांनी वळतात.

तरी एक शंका उरली होती. दाब उतरला खरा, पण माणूस वाचतो का? तिचे उत्तर अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी 1967 साली दिले. फार वाढलेल्या दाबाचे 143 पुरुष निवडले. साधारण निम्म्यांना खरी औषधे दिली, त्यांत आपल्या सर्पगंधेचे रेसरपिनही होते, आणि निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. सुमारे दीड-दोन वर्षांत नुसत्या गोळ्यांच्या गटात 27 जणांवर गंभीर प्रसंग ओढवले. औषधाच्या गटात दोघांवर. सत्तावीस आणि दोन! इतका फरक पाहिल्यावर शंकेला जागा कुठे राहते?

आता पुन्हा आबांकडे येऊ. शेतीतली नवी गोष्ट आपण कशी उचलतो? एकजण ठिबक लावतो, दुसरा बांधावरून घड पाहतो आणि पुढच्या हंगामात आपणही लावतो. या गोळीचे यश मात्र बांधावरून दिसत नाही. जो लकवा झालाच नाही तो शेजाऱ्याला दाखवावा कसा? खरी अडचण अशी की या औषधाचे पीक मोजल्यावाचून दिसत नाही.

नवे ते सगळेच चांगले, असे मात्र नव्हे. रेसरपिनने काही रोग्यांना उदासी येई. पुढे कमी त्रासाची औषधे आली आणि ते मागे पडले. म्हणून कोणी सर्पगंधेची मुळी स्वतःच्या मनाने उगाळून घेऊ नये. आज आपल्याकडे अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोर्थॅलिडोन ही नावे चिठ्ठीवर दिसतात. त्यातले शेवटचे तर साठ वर्षांहून जुने आहे आणि अजून कामाचे आहे. भारी किमतीची गोळी म्हणजे भारी औषध, हा समज सोडलेला बरा.

2017 साली भारतीय रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. आपल्या राज्यात आधी सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा असे जिल्हे घेतले, मग व्याप वाढला. त्याची रीत साधी आहे: औषधांचा क्रम ठरलेला, दाब नर्सबाईंनी मोजावयाचा, तीस दिवसांच्या गोळ्या एकदम द्यावयाच्या, आणि जो आला नाही त्याला बोलावून घ्यावयाचे. यात विद्वत्तेपेक्षा शिस्त अधिक आहे, आणि तीच हवी होती. कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे देशात सुमारे 22 कोटी लोकांना हा विकार आहे, आणि दाब आटोक्यात आहे तो शंभरांत बारांचा.

दोष एकट्या रोग्याचा नाही. दाब दीडशे दिसला तरी "थोडासा जास्त आहे, चालायचंच" असे काही डॉक्टर म्हणतात. "जन्मभर गोळी" म्हटले तर रोगी पुढच्या बाजाराला दुसऱ्या दवाखान्यात जाईल, ही भीतीही असते. आणि रोगी? दाब एकशेतीसवर आला की गोळी बंद! अहो, दाब उतरला तो गोळी चालू होती म्हणून. पंप बंद केला म्हणजे पाणी थांबणारच की.

गोळीने घोट्यांना सूज आली, उन्हाळ्यात चक्कर आली, तर गोळी फेकू नका, डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतील किंवा औषध बदलतील. घरात कोणी बाई गरोदर असेल किंवा तसा विचार असेल, तर तेही आधी सांगावे. टेल्मिसार्टनसारखी काही औषधे त्या काळात चालत नाहीत. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे. चहा-तंबाखू अर्धा तास आधी बंद. मिठाचे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच: दिवसाला चमचाभर, आणि त्यात पापड, लोणचे, ठेचा सगळे आले. आपल्या भागात हे अवघडच आहे, पण बोलायला हवे.

शिक्षक बंधुभगिनींनो, आकड्यांचे काम तुमच्याइतके कोणाला येते? सातवी-आठवीच्या मुलांना घरच्या आजी-आजोबांचा दाब, तारीख आणि उरलेल्या गोळ्या वहीत लिहावयास सांगा. महिन्याने त्याचा आलेख काढवून घ्या. वही घरातच राहू द्या, वर्गात वाचून दाखवू नका. ज्या आबांना डॉक्टरांचे पटत नाही, त्यांना नातवाने काढलेली रेघ पटण्याचा संभव आहे.

दिवाळीनंतर चाळीसगाव, साक्रीकडची पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीला जातात. गाडीत पातेली चढतात, बैल चढतात, गोळ्या मागे राहतात. तेव्हा निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन अधिक दिवसांच्या गोळ्या मागून घ्या आणि औषधांची नावे लिहिलेला कागद रेशनकार्डाच्याच पिशवीत ठेवा. कारखान्याजवळचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नसेल, तो कागद मात्र त्याला वाचता येईल.