कानातील नाद आणि औषधांचा बाजार



आज आम्ही ज्या विषयावर बोलावयास उभे आहोत, तो धम्मचर्चेचा नाही की नोकरीतील आरक्षणाचाही नाही. विषय आहे कानात वाजणाऱ्या आवाजाचा. आम्ही डॉक्टर नाही. कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेतील कारकून. परंतु गेली चार वर्षे हा आवाज आमच्या दोन्ही कानांत रात्रंदिवस चालू आहे, एवढाच आमचा या विषयावरील अधिकार.

जयंतीच्या मिरवणुकीत आम्ही डीजेच्या गाडीपुढे तीन तास होतो. घरी आलो तो कानात रातकिडे ओरडावेत तसा सूर. दोन दिवसांत जाईल असे वाटले, गेला नाही. मग घरोघरचे सल्ले सुरू झाले. कोणी लसूण कढवलेले तेल घालावयास सांगितले, कोणी तुळशीचा रस. आठवडी बाजारातील जडीबुटीवाल्याने पुड्या दिल्या, त्याही संपवल्या. शेवटी एका दुकानदाराने ‘जिन्को’ नावाच्या विदेशी झाडाच्या पानांच्या कॅप्सूल दिल्या. महिन्याला बाराशे रुपये, असे तीन महिने. आम्ही हृदयासाठी रोज ॲस्पिरिनची गोळी घेतो, हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. ‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य आपल्याकडे फार स्वस्त आहे.

या जिन्कोविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ते झाड आपल्याला अगदीच परके नाही. चीन-जपानातील बौद्ध विहारांच्या आवारात ते शतकानुशतके लावले जाते. हिरोशिमावर १९४५ साली अणुबाँब पडल्यावरही त्यातील काही झाडे पुन्हा फुटली. झाड मोठे चिवट, यात शंका नाही. परंतु कानातील नादावर त्याचा उपयोग होतो काय, हे कोक्रेन या संस्थेने आजवरच्या चाचण्या एकत्र करून २०१३ व पुन्हा २०२२ साली तपासले. उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही. जस्ताच्या गोळ्यांचेही तेच. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली जिन्को, जस्त, मेलाटोनिन यांची शिफारस या तक्रारीसाठी करू नये असेच सांगितले. शिवाय जिन्को व ॲस्पिरिन एकत्र घेतल्यास रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो.

आपल्या आयुर्वेदालाही हा विकार ठाऊक आहे. सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यात ‘कर्णनाद’ आहे. वैद्य कानात कोमट तेल भरतात. मात्र पडद्याला छिद्र असेल तर तेच तेल घात करते, आणि छिद्र आहे की नाही हे कानात पाहिल्याशिवाय कसे कळणार?

येथे जीवकाची आठवण येते. तक्षशिलेत गुरूने त्याला औषधी नसलेली एक तरी वनस्पती शोधून आणावयास सांगितले व तो रिकाम्या हाताने परतला, ही विनयपिटकातील कथा आपण सर्व जाणतो. जडीबुटीवालाही तीच सांगतो. पण जीवक रोगी पाहून औषध देत असे. हा पुडी आधी देतो. बहिरेपण बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

अखेर आम्ही अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. कान तपासले, ऐकण्याची चाचणी झाली. डॉक्टरांनी समजावले ते असे : कानाच्या आतल्या शंखात बारीक केसांच्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. तिकडून येणारा संदेश कमी झाला म्हणजे मेंदू आपलाच आवाज वाढवतो, आणि तो नाद आपल्याला ऐकू येतो. कोणाला नुसता मळ साचल्याने, कोणाला क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनसारख्या इंजेक्शनानेही तो होतो. म्हणून आधी तपासणी. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र एक दिवसही घालवू नये. उपचार लवकर झाले तर ऐकू परत येण्याची आशा अधिक.

आमचा आवाज गेलेला नाही. रात्री पंखा चालू ठेवतो, म्हणजे तो त्यात मिसळतो. आनापानाला बसतो, तेव्हाही तो असतो, पण त्याच्याशी भांडण कमी झाले आहे. लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत सजगतेच्या अशा अभ्यासाने त्रास कमी झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले, हे नंतर वाचनात आले.

आता एक अप्रिय गोष्ट. ८५ डेसिबल आवाज आठ तास सहन होतो, १०० डेसिबल केवळ पंधरा मिनिटे. आमच्यावर कोणी रागावले तरी चालेल, पण येत्या चौदा एप्रिलला स्पीकरच्या गाडीपुढे दोरी धरून मोकळी जागा ठेवावी, आवाज उतरवावा आणि कडेवरच्या लेकरांना घेऊन आयाबहिणींनी मिरवणुकीच्या मागच्या बाजूस चालावे, असा ठराव समितीने आजच घ्यावा अशी आमची सूचना आहे. दोरीचा खर्च आम्ही देतो.

जयभीम.